पाच तुमच्या, चार तिच्या

एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची आई दोन वर्षांपूर्वी गेली. आईकडे निळ्या नक्षीच्या बारा चिनी मातीच्या प्लेट होत्या, त्याही तिच्या आईकडून आलेल्या. दोघी बहिणींनी त्या सहा-सहा वाटून घेतल्या. ताईंच्या वाट्यातली एक आवरताना फुटली. आता पाच उरल्या. शिवाय आजीची झाकणाची दोन पितळी भांडी, मावशीचा जड नक्षीदार काचेचा बाऊल आणि चांदीचे सात चमचे. येत्या सुटीत दुपारी नऊ मोठी माणसं आणि दोन लहान मुलं जेवायला आहेत. धाकटी बहीण आईनंतर पहिल्यांदाच या घरी येते आहे. वहिनीचं म्हणणं, एकसारखा नवीन सेट भाड्याने आणा, ही भातुकली पाहुण्यांपुढे कशाला मांडायची. ताई विचारतात : ‘हे सगळं एका टेबलावर बरं दिसेल का? त्यात जेवलेलं चालतं का? आणि प्लेट फुटल्याचं बहिणीला अजून सांगितलेलं नाही, ते कसं सांगू?’

प्रिय ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि शेवटचा सगळ्यात कमी शब्दांत लिहिलात. पण त्याचं उत्तर मिळालं की पहिला प्रश्न उरत नाही. म्हणून शेवटाकडून सुरुवात करते.

बहिणीला फोन करा. एक प्लेट फुटली हे पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका. कशी फुटली, कुणाचा धक्का लागला, किती वाईट वाटलं, हे तिने विचारलं तर सांगा. मग म्हणा, ‘माझ्याकडे पाच आहेत, तू येताना चार घेऊन ये, म्हणजे नऊ होतील.’ सहा मागू नका. चार मागितल्या की दोन तिच्या घरी राहतात. दिलेलं परत मागितलं असं तिला वाटणार नाही, आणि वाटेत काही झालं तरी तिच्याकडे काही तरी उरतंच. एक गोष्ट फोनवरच ठरवून घ्या : तिच्या चारांपैकी एखादी तुमच्या टेबलावर फुटली, तर तुमच्या पाचांतली एक तिची. हे आधी बोललेलं असलं की त्या दिवशी कुणी जीव मुठीत धरून जेवत नाही.

ती ‘नको’ म्हणाली तर आग्रह करू नका. कदाचित तिला त्या प्लेट अजून बाहेर काढवत नसतील. मग पाच जुन्या आणि चार साध्या पांढऱ्या, एकाआड एक. ते कसं मांडायचं याकडे येतेच. त्याआधी जेवलेलं चालतं का, ते पाहू. यात मी काहीही हातचं राखणार नाही.

उद्या दिवसाउजेडी सगळी भांडी खिडकीपाशी घ्या. प्रत्येक प्लेट तळहातावर तोलून धरा आणि काठाला बोटाच्या नखाने हलकी टिचकी मारा. प्लेट खणखणीत वाजली तर बहुधा अंगाने धड आहे. आवाज बद्द आला तर बहुधा कुठे तरी चीर गेलेली आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. बद्द वाजलेली प्लेट जेवायला घेऊ नका, गरम पदार्थाने ती हातातच दुभंगू शकते. काठावरून बोट फिरवा. टवका उडालेला असेल तर ती जागा ओठाला किंवा हाताला कापते, आणि तिथली झिलई गेल्यामुळे आतली माती पाणी पिते.

मग झिलईवर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं आहे का ते बघा. वरची झिलई आणि आतली माती तापताना-निवताना सारख्या मापाने फुगत-आकसत नाहीत. शिवाय जुनी सच्छिद्र माती वर्षानुवर्षं हवेतला ओलावा शोषून किंचित फुगते. त्या ताणाने झिलई तडकते. हे जाळं दिसायला सुंदर असतं, पण रस्सा, तेल, रंग त्यातून आत शिरतात आणि धुऊन निघत नाहीत. असली प्लेट भिंतीवर किंवा कपाटात शोभते, जेवायला नको. तिच्यावरचे तपकिरी डाग काढायला ब्लीचमध्ये बुडवून ठेवायचा सल्ला कुणी देईल. तो मानू नका. ब्लीच त्या रेषांतून आत जातं, तिथेच सुकतं आणि झिलईचे पापुद्रे उचलतं.

आता शिसं. जुन्या झिलईत आणि झिलईवर काढलेल्या रंगीत नक्षीत शिसं वापरलं जायचं, कारण त्यामुळे झिलई कमी आचेवर वितळते आणि चकचकीत दिसते. भांड्यांतून किती शिसं सुटलेलं चालेल याचे नियम अनेक देशांनी 1970च्या दशकापासून कडक केले. तुमच्या प्लेट त्याआधीच्या असणार. निळा रंग ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. तो बहुतेक कोबाल्टचा असतो, आणि कोबाल्ट भट्टीची मोठी आच सोसतो. म्हणून निळी नक्षी बहुधा आधी मातीवर काढतात आणि वरून पारदर्शक झिलई देतात, त्यामुळे ती झिलईच्या खाली सुरक्षित राहते. प्लेट उजेडात तिरपी धरा. नक्षीवरूनही चकाकी सलग वाहत गेली आणि बोटाला नक्षी लागली नाही, तर ती झिलईखाली आहे. बोटाला उंचवटा लागला, किंवा नक्षीपाशी चकाकी तुटून मंद झाली, तर ती वरून काढलेली आहे.

तरी खुद्द झिलईत शिसं आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. बाजारात घासून बघायच्या काड्या मिळतात, पण त्यांच्या निकालावर विसंबून राहू नका. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेतच तपासून घ्यावं लागतं. सगळा सेट एकाच खेपेचा असेल तर एक प्लेट तपासली तरी बाकीच्यांचा चांगला अंदाज येतो, आणि तुम्हा दोघी बहिणींचं काम होतं. सुटीच्या आधी तपासणी झाली नाही, तर माझं मत असं : ज्या प्लेट टिचकीला खणखणीत वाजल्या, ज्यांवर जाळं नाही, टवका नाही, नक्षी झिलईखाली आहे, त्यांत मोठ्या माणसांनी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी जेवायला माझी हरकत नाही. आंबट पदार्थ मात्र वेगळ्या वाटीत द्या. लिंबू, टोमॅटो, दही, व्हिनेगर यांतलं आम्ल शिसं ओढून घेतं, आणि पदार्थ जितका गरम व जितका जास्त वेळ ताटात, तितकं जास्त. मन तरीही धजत नसेल तर प्रत्येक जुन्या प्लेटवर साधी पारदर्शक काचेची जरा लहान प्लेट ठेवा. नक्षी खालून दिसते आणि अन्न तिला शिवत नाही.

मुलांना त्या प्लेट नकोत. मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही. येणाऱ्यांत कुणी गर्भवती असेल तर तिलाही साधी प्लेट द्या. पण मुलांना आजीचं काहीच नाही, असं होऊ देऊ नका. त्यांच्या हातात चांदीचा एक-एक चमचा द्या. चमचा पडला तर वाजतो, फुटत नाही. उरलेले पाच वाढायला.

त्या चमच्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यात माझं स्वतःचं नुकसान झालेलं आहे. माझ्या आजेसासूबाईंचे चमचे मी एकत्र राहावेत म्हणून रबरबँडने बांधून डब्यात ठेवले होते. वर्षभराने उघडले तर प्रत्येकाच्या दांड्यावर काळी कडी, आणि ती पूर्ण कधीच गेली नाही. रबरात गंधक असतं आणि चांदी काळी पडते ती गंधकानेच. तुमचे काळे झालेले असतील तर घासायला घेऊ नका, घासण्यात दर वेळी थोडी चांदी जाते आणि नक्षी बोथट होते. एका भांड्यात तळाला ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, त्यावर चमचे फॉइलला टेकतील असे ठेवा, वरून गरम पाणी आणि खायचा सोडा घाला. काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. ॲल्युमिनियम त्यातलं गंधक स्वतःकडे घेतं आणि चांदी जागच्या जागी राहते. काही मिनिटांत फरक दिसतो. नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम काळेपणा राखलेला असेल तर हा उपाय करू नका, तोही निघून जाईल. जेवणानंतर चमचे मिठात किंवा खारट पदार्थात पडू देऊ नका. मिठाने चांदीला बारीक खड्डे पडतात, आणि ते काळेपणासारखे पुसून जात नाहीत.

पितळी भांड्यांचा कस लागतो तो आतल्या बाजूला. बाहेरून ती कितीही लखलखीत असोत, आत बघा. आत एकसारखा पांढरट-रुपेरी थर असेल तर कल्हई शाबूत आहे. मधूनमधून पिवळं दिसत असेल तर कल्हई गेली. अशा भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हिरवट पडतो, तोंडाला धातूची चव येते आणि पोट बिघडू शकतं. कल्हईवाला मिळाला तर आत्ताच करून घ्या. नाही मिळाला तर त्या भांड्यात कोरडे पदार्थ कागद किंवा स्वच्छ रुमाल पसरून ठेवा, किंवा आत बसेल असा काचेचा बाऊल ठेवून त्यात वाढा. कल्हई असली तरी ही भांडी रिकामी आचेवर ठेवू नका. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील 232 अंशांना वितळतं. रिकामं भांडं तेवढं तापायला वेळ लागत नाही. दुसऱ्या भांड्यात शिजवा, पितळीत काढा. झाकण असल्यामुळे पदार्थ गरमही राहील.

मावशीच्या काचेच्या बाऊलबद्दल एकच. तो हातात अपेक्षेपेक्षा जड लागत असेल आणि कडेला टिचकी मारल्यावर बराच वेळ घंटेसारखा गुंजत असेल, तर ती शिशाची काच असू शकते. अशा काचेला चमक देणारं शिसं पुष्कळ असतं, लेड क्रिस्टल म्हणवणाऱ्या काचेत निदान 24 टक्के शिशाचा ऑक्साइड. जेवणापुरतं काही आत राहिलं तर ठीक, पण आंबट काही त्यात रात्रभर ठेवू नका. मी तर त्यात अन्न ठेवणारच नाही. पाणी भरून बुटक्या देठांची फुलं ठेवा आणि टेबलाच्या मधोमध ठेवून द्या. दुपारचं ऊन त्यावर पडलं की टेबलावर दुसरी सजावट लागणार नाही.

आता मांडणी. हा भाग खरं तर सोपा आहे, पण वहिनींच्या बोलण्याने तुम्हाला अवघड वाटायला लागला आहे. एकसारखा सेट आणायची कल्पना वाईट नाही, वहिनींना तुमची दगदग वाचवायची असेल. त्यांना दुखवू नका. पण तुमच्या घरात आलेल्या वस्तू चार घरांतून आल्या आहेत, त्या एकसारख्या कशा असतील? टेबल बरं दिसायला सगळं जुळावं लागत नाही, एखादी गोष्ट परत परत दिसावी लागते. तुमच्याकडे ती आहे : निळा रंग. बाकी सगळं गप्प ठेवा. टेबलक्लॉथ पांढरा किंवा फिका, बिनानक्षीचा. लाकूड चांगलं असेल तर कापडच नको. नॅपकिन एकाच साध्या रंगाचे, सुती. नक्षीच्या प्लेटखाली नक्षीचं कापड आलं की दोन्ही दिसेनासं होतं.

बहिणीच्या चार आल्या तर नऊ सारख्या प्लेट होतील, काही जुळवायचं उरणारच नाही. नाही आल्या तर पाच निळ्या आणि चार पांढऱ्या एकाआड एक मांडा. चार पांढऱ्या एका टोकाला जमू देऊ नका, तिथे बसणाऱ्यांना उरलेलं मिळाल्यासारखं वाटतं. मुलांच्या दोन प्लेटही पांढऱ्याच असू द्या, मग तुमच्याकडे सहा पांढऱ्या होतात आणि तोही एक सेट दिसतो. रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या प्लेट मुलांपुढे ठेवू नका. मुलांना आपल्याला वेगळं काढलं हे लगेच कळतं.

जागा मोजून घ्या. एका माणसाला कडेने साधारण 60 सेंटिमीटर लागतात, म्हणजे कोपर शेजारच्याला लागत नाही. टेबलाच्या लांब बाजू मोजा. अकरा माणसं बसत नसतील तर दाटीवाटी करू नका, पितळी भांडी आणि पाण्याचा जग बाजूच्या छोट्या टेबलावर न्या. जुन्या भांड्यांना धक्का लागतो तो गर्दीमुळे. आपण निष्काळजी होतो म्हणून भांडी फुटतात असं आपल्याला वाटतं, पण खूपदा फक्त ठेवायला जागा नसते. मधल्या फुलांची उंची बघायची एक युक्ती : खुर्चीवर बसून कोपर टेबलावर टेका आणि मूठ वर धरा. फुलं त्या मुठीच्या वर जाऊ नयेत, नाही तर समोरच्याशी मान वाकडी करून बोलावं लागतं.

प्रत्येकापुढे प्लेट, वाटी, चमचा, पेला. एवढंच. दुपारच्या उजेडात मेणबत्त्या फिक्या दिसतात, त्या नकोत. उजेडात पेल्यांवरचे पाण्याचे पांढरे डाग मात्र ठळक दिसतात. आदल्या दिवशी पेले व्हिनेगर घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवून पुसून घ्या. प्लेटवर काळपट-करड्या ओरखड्यांसारख्या रेषा असतील तर घाबरू नका. बहुतेक वेळा तो ओरखडा नसतो, चमच्या-सुरीचा धातू झिलईवर घासून बसलेला असतो. खायच्या सोड्याची ओली पेस्ट कापडाने हलकेच चोळली की बराच निघतो. फक्त सोनेरी कड असेल तर तिला हात लावू नका, सोनं सोड्यानेही निघतं. सोनेरी कडेची प्लेट मायक्रोवेव्हमध्येही घालायची नाही, ठिणग्या उडतात.

प्लेट कपाटातून काढून लगेच त्यावर वाफाळतं वाढू नका. वाढायच्या जरा आधी कोमट पाण्यातून काढून पुसून ठेवा. एकदम तापलेली जागा फुगते, शेजारची थंड जागा फुगत नाही, आणि जुनी प्लेट तिथेच तडकते. कुठली प्लेट कधी चिकटवलेली असेल तर ती टेबलावर आणूच नका. आमच्याकडे एका जुन्या कपाचा कान असा चिकटवलेला होता, कुणी कधी चिकटवला तेही विसरलं होतं. गरम चहा ओतला आणि कान सुटून कप पाहुणीच्या मांडीवर पडला. पाय भाजला. तेव्हापासून घरातलं प्रत्येक जुनं भांडं वापरण्याआधी मी खिडकीपाशी नेते.

मोलकरीण किंवा मदतीला कुणी असलं तरी जुनी भांडी त्या दिवशी तुम्ही आणि बहिणीने मिळून धुवा. सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा, कोमट पाणी, एका वेळी एक प्लेट. ढीग करून पाण्यात सोडू नका. एकीने धुवावं, दुसरीने पुसावं. एका छोट्या सिंकपाशी दोघी उभ्या राहिल्या की टेबलावर न निघालेलं बोलणं तिथे निघतं, आणि तेव्हा नजर प्लेटकडे असते, हे सोयीचं असतं. तिच्या चार प्लेट तिच्या समोरच पुसून, प्रत्येक दोन प्लेटमध्ये कापडाचा किंवा टिश्यूचा थर घालून बांधा. वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उठते. आणि प्लेट खोक्यात आडव्या रचण्यापेक्षा उभ्या ठेवा, धक्का काठावर गेला तर तो त्या बऱ्याच सोसतात.

तिला फोन मात्र आजच करा. सुटीच्या आदल्या रात्री सांगितलंत तर चार प्लेट नीट बांधायला तिला वेळ मिळणार नाही.